वाळवंटींचा करवानक

शब्दांनाहि दैव असतें, असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे. ‘वाळवंट’ हाच शब्द घ्या. पंढरीची वाट ज्यानें एकदां तुडविली आहे, त्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें हा शब्द ऐकतांच नदी उभी राहते. तिच्या कांठची, पावलांस गार लागणारी वाळू दिसते. पावसाळा सरल्यावर नदीचें पाणी आटत आटत मधल्या धारेपाशीं जातें आणि दोन्ही अंगांस वाळूचा जो पसारा उघडा पडतो, तें वाळवंट. परवां भाषांतराचा पाठ घेत असतां आम्हीं हा शब्द फळ्यावर लिहिला आणि वर्गाला त्याचा अर्थ विचारला. बहुतेकांनीं राजस्थान सांगितला, कांहींनीं सहारा सांगितला. नदीचें नांव एकानेंहि घेतलें नाहीं. मुलांना दोष देण्याचें कारण नाहीं. वस्तु डोळ्यांसमोरून गेली म्हणजे तिचा अर्थहि शब्दांतून हळूच निघून जातो, आणि रिकाम्या झालेल्या शब्दांत दुसरा एखादा अर्थ बिऱ्हाड करतो.

आज आम्ही ज्याविषयीं लिहिणार आहों, तो पक्षी वाळवंटाच्या त्या पहिल्या अर्थांत राहतो. त्याचें नांव मोठा करवानक. वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं हें नांव ऐकलें असेल. मारुती चितमपल्ली यांनीं अरण्यांत आयुष्य घालवून पक्षिकोश रचला आणि मराठीला पांखरांच्या नांवांचें मोठें धन मिळवून दिलें. तरीहि आमच्यासारख्या सुशिक्षितांचें ज्ञान चिमणी, कावळा, पोपट आणि कोकिळा यांच्यापलीकडे क्वचितच जातें. या चौघांना काव्यांत, म्हणींत, शकुनांत, निदान स्वयंपाकघराच्या खिडकींत तरी जागा आहे. करवानकाला अशी जागा कोठें मिळालेली आमच्या पाहण्यांत नाहीं.

वस्तुतः पक्षी लहान नाहीं. चोंचीपासून शेपटीपर्यंत तो सुमारें ५० सेंटिमीटर भरतो. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरें, तोंडावर काळे-पांढरे पट्टे आणि त्यांत बसविलेले दोन मोठे पिवळे डोळे. चोंच जाड, टोंकाशीं काळी, मुळाशीं पिवळी आणि किंचित् वर वळलेली. या वळणावरूनच फ्रेंच पंडित क्युव्हिए यानें १८२९ मध्यें त्याला ‘वर वळलेल्या चोंचीचा’ अशा अर्थाचें शास्त्रीय नांव दिलें. पाय लांब, पायाला पुढें तीनच बोटें, मागचें बोट नाहीं. झाडाच्या फांदीवर पकड घेण्याची ज्याला कधीं गरजच पडत नाहीं आणि जन्मभर वाळूवर धांवावयाचें आहे, त्याला मागच्या बोटाची अडगळ कशाला? इंग्रजांनीं याचें नांव ‘जाडगुडघ्या’ या अर्थाचें ठेविलें आहे. तें नांव मात्र शरीरशास्त्राच्या परीक्षेंत नापास होईल. पायाच्या मध्यावर जो फुगीर सांधा दिसतो, तो गुडघा नसून घोटा आहे. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो.

इराणच्या आग्नेय टोंकापासून हिंदुस्थान, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश यांवरून थेट इंडोचायनापर्यंत याचा संसार पसरलेला आहे. जेथें मोठी नदी, तिचा गोट्यांचा किंवा वाळूचा उघडा कांठ आणि खेकड्यांची वस्ती असेल तेथें तो असावयाचा. कोठें कोठें खाड्यांच्या आणि समुद्राच्या कांठींहि आढळतो. इतक्या मोठ्या मुलुखाचा हा रहिवासी आपणांस अनोळखी राहिला, याचें कारण त्याच्या दिनचर्येंत, किंबहुना रात्रिचर्येंत आहे. दिवसां तो वाळूवर स्तब्ध उभा असतो किंवा पाय दुमडून बसून राहतो. जवळ कोणी गेलें तर एकदम उडण्याऐवजीं मान आंखडून चार पावलें बाजूला सरकतो आणि पुन्हां दगड होतो. तिन्हीसांजा झाल्या म्हणजे या दगडाला प्राण येतो. पाण्याच्या कडेनें तो शिकारीला निघतो, गोट्यांच्या फटींतून खेकडे ओढतो, जाड चोंचीनें त्यांचें कवच फोडतो, आणि मधून मधून अशी कांहीं शीळ घालतो कीं ऐकणाराच्या अंगावर कांटा यावा.

ती शीळ आम्हीं प्रथम ऐकली, त्याला आतां बरींच वर्षें झालीं. आमचा एक जुना विद्यार्थी सोलापूर जिल्ह्यांत भीमेच्या कांठीं शाळामास्तर होता. पक्ष्यांचा त्याला नाद. त्याच्या आग्रहावरून आम्ही चैत्रांतल्या एका दुपारीं नदीवर गेलों. दुर्बीण डोळ्यांस लावून तासभर वाळू न्याहाळली, वाळूच दिसली. होडीच्या सावलींत जाळें दुरुस्त करीत बसलेला एक म्हातारा भोई आमची ही तपश्चर्या पाहत होता. शेवटीं त्याला आमची दया आली.

“मास्तर,” तो आमच्या विद्यार्थ्याला म्हणाला, “सरांस्नी कशाला उन्हांत तापवताय? दिसा ते दिसायचं न्हाई. धोंड्यांत धोंडा हूनशान बसतंय. राच्चं या, खेकडीं भाइर पडत्यात तवा.”

“काका, तुमच्याकडे याला काय म्हणतात?” आम्हीं विचारलें.

म्हाताऱ्यानें क्षणभर विचार केला. “नांव आनी काय असायचं, सर? आपल्या जाळ्याला त्याचा तरास न्हाई, आपला त्याला न्हाई.”

आम्हीं रात्रीं पुन्हां गेलों. चांदणें होतें. पाणी कोठें संपतें आणि वाळू कोठें सुरू होते तें कळत नव्हतें. पलीकडच्या कांठावरून एक स्वर उठला, चढत चढत गेला आणि तुटला. लगेच अलीकडून दुसऱ्यानें त्याला उत्तर दिलें. दोन काळ्या आकृति कडेकडेनें धांवत गेल्या, थांबल्या, वांकल्या. एवढेंच. त्या स्वराला दुःखाचा म्हणावें असें मनांत आलें. पण तें दुःख आमच्या कानांचें असावें. त्यांचा तर संसाराचा भर चालला होता.

कारण हाच त्यांच्या विणीचा काळ. माघ-फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत, म्हणजे सुमारें फेब्रुवारी ते जून, करवानकाची मादी उघड्या वाळूंत किंवा गोट्यांत एक उथळ खळगा करून त्यांत एक किंवा दोन अंडीं घालते. काडी नाहीं, पान नाहीं, आडोसा नाहीं. अंड्यांचा रंग वाळूचा, त्यावर तपकिरी डाग. तेंच त्यांचें घर आणि तेंच त्यांचें कुलूप. आपण वाळूंतून चालत गेलों तर पाय अंड्यावर पडेपर्यंत तें अंडें आहे असें कळावयाचें नाहीं. ही युक्ति कोल्ह्याला आणि घारीला कांहीं प्रमाणांत फसविते. ट्रकच्या चाकाला मात्र फसवितां येत नाहीं.

येथें आम्हांस पंचतंत्रांतील टिटवीची गोष्ट आठवते. समुद्रानें टिटवीचीं अंडीं नेलीं. तेव्हां सगळे पक्षी गरुडाकडे गेले, गरुडानें विष्णूला गळ घातली, आणि विष्णूनें धाक घालतांच समुद्रानें अंडीं निमूटपणें परत केलीं. लहानपणीं या गोष्टींत आम्हांस टिटवीचा निश्चय दिसे. आतां वय झाल्यावर असें दिसतें कीं, त्या गोष्टींतली खरी महत्त्वाची बाब म्हणजे तक्रार नोंदवून घेणारा कोणीतरी होता. टिटवी ओरडून गांव गोळा करते. करवानक रात्रीं ओरडतो, आणि गांव झोंपलेलें असतें.

तथापि अगदींच नोंद नाहीं असें नाहीं. निसर्गरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय संघ १९४८ मध्यें स्थापन झाला, तो १९६४ पासून जगांतील जीवजातींची एक ‘लाल यादी’ ठेवीत आला आहे. पक्ष्यांपुरतें या यादीचें काम बर्डलाइफ इंटरनॅशनल ही संस्था पाहते. या यादींत पायऱ्या आहेत. सर्वांत खालीं ‘चिंता नको’, तिच्यावर ‘संकटसमीप’, मग ‘असुरक्षित’, ‘संकटग्रस्त’, ‘अतिसंकटग्रस्त’, आणि जिन्याच्या माथ्यावर ‘नामशेष’. कोणती जात कोणत्या पायरीवर, हें ठरविण्याचें गणित आहे. दहा वर्षांत किंवा त्या जातीच्या तीन पिढ्यांत, यांपैकीं जो काळ मोठा असेल त्यांत, संख्या तीस टक्क्यांनीं घटली तर जात सामान्यतः ‘असुरक्षित’ ठरते. पन्नास टक्क्यांनीं घटली तर ‘संकटग्रस्त’. ऐशींनीं घटली तर ‘अतिसंकटग्रस्त’. घट झालेली असो किंवा होण्याची सबळ भीति असो, दोन्ही धरतात. मुलुखाचें क्षेत्र, उरलेल्या प्रौढ पक्ष्यांची संख्या, अशा दुसऱ्याहि कसोट्या आहेत.

आमचा मोठा करवानक या जिन्यावर ‘संकटसमीप’ या पायरीवर उभा आहे. तसें कां, याचें यादींत दिलेलें कारण वाचण्यासारखें आहे. नद्यांवर माणसाचा वाढता भार आणि धरणांची बांधणी यांमुळें येत्या तीन पिढ्यांत या पक्ष्याची संख्या बऱ्याच वेगानें घटेल, असा तेथें अंदाज आहे. म्हणजे ही नोंद मुख्यतः भविष्याची आहे. मृत्यूच्या दाखल्यापेक्षां तिला पत्रिकाच म्हणावें. आणि पत्रिकेंतला ग्रह टाळण्यासारखा असेल तर आपल्याकडे शांति करण्याची चाल आहे.

पण या पायरीची एक गंमत आहे, आणि ती आम्हां शिक्षकांना चटकन् कळते. पस्तीस गुणांवर उत्तीर्ण होणाऱ्या परीक्षेंत ज्या मुलाला छत्तीस मिळतात, त्याच्याकडे कोणाचें लक्ष असतें? पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार होतो. नापास झालेल्यासाठीं आईबाप शिकवणी ठेवतात, मुख्याध्यापक बोलावणें पाठवितात. छत्तीसवाला मात्र ‘सुटला’ म्हणून सगळेच निःश्वास टाकतात, आणि पुढल्या वर्षीं तोच पहिल्यांदा घसरतो. ‘संकटसमीप’ हा छत्तीस गुणांचा वर्ग आहे. येथें असलेल्या पक्ष्यासाठीं निधि उभा राहत नाहीं, टपालाचें तिकीट निघत नाहीं, मंत्र्यांचें भाषण होत नाहीं.

शिवाय छत्तीस गुण तरी खात्रीचे आहेत काय? २०२३ मध्यें भारतांतील पक्ष्यांच्या स्थितीविषयीं एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारें ३०,००० हौशी निरीक्षकांनीं टिपून ठेवलेल्या नोंदींवरून ९४२ जातींचा त्यांत विचार केला असून, १७८ जातींकडे तातडीनें लक्ष द्यावें असें म्हटलें आहे. इतक्या सामान्य लोकांनीं मिळून इतकें शास्त्रीय काम केल्याचें दुसरें उदाहरण आपल्या देशांत आम्हांस चटकन् सांपडत नाहीं. परंतु निरीक्षक हा प्राणी दिनचर आहे. तो पहाटे उठतो, तळ्यावर जातो, न्याहारीला घरीं येतो. रात्रीं नदीच्या वाळूंत जाऊन बसणारा हजारांत एखादा. जो पक्षी दिवसां दगड होतो, त्याची मोजदाद दिवसां करणें म्हणजे रात्रशाळेची हजेरी सकाळीं घेण्यासारखें आहे.

आतां प्रश्न असा, कीं करवानकाची वाळू जाते कोठें? तिच्या जाण्याच्या वाटा तीन आहेत.

पहिली वाट धरणांत संपते. नदी नुसतें पाणी वाहत नाहीं. ती डोंगर झिजवून वाळूहि वाहून आणते. दरसाल पुराबरोबर जुनीं बेटें मोडतात आणि नवीं घातलीं जातात. धरण बांधलें म्हणजे ही वाळू भिंतीच्या आंत अडते आणि खालच्या पात्राला नवी वाळू मिळेनाशी होते. पूर थोपले कीं वाळूवर झुडपें माजतात, वेडी बाभूळ पाय रोवते, आणि चहूंकडे नजर ठेवूनच जगणाऱ्या पक्ष्याला ती जागा नकोशी होते. भीमेवरील उजनीचें धरण १९८० मध्यें पुरें झालें. त्यांत सुमारें ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. त्या पाण्यानें सोलापूरचा ऊस उभा राहिला, तहान भागली, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. पण खालच्या नदीचें वेळापत्रक बदललें. पूर्वीं उन्हाळ्यांत पाणी फक्त आटत असे. आतां पिण्यासाठीं आणि शेतीसाठीं भर उन्हाळ्यांत नदींत पाणी सोडतात. विणीच्या ऐन हंगामांत एका रात्रींत पात्र भरतें, आणि वाळूंतला खळगा त्यांतल्या अंड्यांसह पाण्याखालीं जातो. शिवाय ठिकठिकाणीं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपतांच त्यांचे बर्गे घालतात आणि अडविलेलें पाणी मैलोगणती मागें पसरतें. जी वाळू कार्तिकांत उघडी पडावयाची, ती उन्हाळा सरत आला तरी बुडालेलीच राहते. पंचतंत्रांतल्या समुद्रानें निदान खोडसाळपणानें अंडीं नेलीं. येथें कोणाच्याहि मनांत कपट नाहीं, आणि म्हणूनच दाद कोणाकडे मागावी हें समजत नाहीं.

दुसरी वाट गांवांतून येते. नदींतल्या कलिंगडाच्या वाड्या जुन्याच आहेत, गुरें पाण्यावर येणें त्याहून जुनें. पण आतां गांवोगांव मोकाट कुत्रीं वाढलीं आहेत. कोल्ह्याला फसविणारें अंडें कुत्र्यांच्या टोळीपुढें फार काळ टिकत नाहीं.

तिसरी वाट आपल्या प्रत्येकाच्या घरांत येऊन संपते. आपण ज्या भिंतींत राहतों, ज्या गच्चीवर संध्याकाळीं बसतों, ज्या पुलावरून नदी ओलांडतों, तीं सगळीं वाळूचीं आहेत. सिमेंट केवळ तिला एकत्र धरून ठेवतें. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें २०२२ मध्यें सांगितलें, कीं जगांत दरसाल सुमारें ५० अब्ज टन वाळू आणि खडी उपसली जाते. येथें पहिल्या परिच्छेदांतला तो शब्द पुन्हां भेटतो. राजस्थानच्या वाळवंटांत तर वाळूला तोटा नाहीं. मग ती कां वापरूं नये? कारण वाऱ्यानें घासून घासून तिचा कण गुळगुळीत आणि अतिशय बारीक झालेला असतो. काँक्रीटांत तो नीट धरत नाहीं. नदीचा कण कोनेदार, खरबरीत. त्याचीच पकड चांगली. म्हणजे ज्या वाळवंटाला आमच्या विद्यार्थ्यांनीं ओळखलें तें सुखरूप आहे, आणि ज्याला ओळखलें नाहीं तेंच उपसलें जात आहे.

आपल्याकडे वाळू ब्रासांत मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. पूर्वीं गाढवांवर, बैलगाडींत वाळू येई. आतां यंत्राचें फावडें, पाण्यांतून वाळू ओढणाऱ्या बोटी आणि दहा चाकांचे ट्रक आहेत. यांत कायदा नाहीं असें कोणी समजूं नये. २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें असा आदेश दिला, कीं पांच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यालाहि पर्यावरणखात्याची परवानगी लागेल. महाराष्ट्र सरकारनें २०२३ मध्यें सरकारी आगारांतून ६०० रुपये ब्रास या दरानें वाळू देण्याचें धोरण जाहीर केलें. २०२५ मध्यें पुन्हां नवें धोरण आणून दगड फोडून केलेल्या कृत्रिम वाळूला उत्तेजन देण्याचें ठरविलें. परंतु चोरटा उपसा प्रायः रात्रीं चालतो. वाळूचोर आणि करवानक या दोघांचे कामाचे तास एकच आहेत, आणि दोघांनाहि उजेडाचें वावडें आहे. त्यांतला एक पळून जाऊं शकतो. त्याचीं अंडीं पळूं शकत नाहींत.

आमचे एक स्नेही अर्थशास्त्र शिकवितात. हें सगळें आम्हीं त्यांना ऐकविलें तेव्हां ते चहाचा पेला खालीं ठेवून म्हणाले, “अहो, लोकांना घरें हवींत, शेताला पाणी हवें. एका पांखरासाठीं तुम्ही माणसाला थांबा म्हणणार काय?” आक्षेप सरळ आहे आणि तो टाळून चालणार नाहीं. पांखरासाठीं माणसानें उघड्यावर राहावें, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु वाळू ही केवळ पांखराची नाहीं. ती नदीची तिजोरी आहे. तिच्या पोटांत पाणी मुरून राहतें; उन्हाळ्यांत बायका वाळूंत झरा उकरून घागर भरतात, तें हेंच पाणी. वाळू उपसून खडक उघडा पडला कीं कांठच्या विहिरींची पातळी खालीं जाते, आणि बागाईतदाराला बोअर खोल न्यावी लागते. ज्या गांवानें वाळूचा लिलाव थांबविण्यासाठीं ग्रामसभेंत हात वर केला, त्याला करवानकाचें नांवहि ठाऊक नसेल. पण त्यानें करवानकाचेंच काम केलें. माणूस कीं पांखरूं, हा वाद येथें लागूच नाहीं. वाद आहे तो आजचा ब्रास कीं उद्यांची घागर, एवढाच. स्नेह्यांनीं यावर मान हलविली. ती संमतीची होती कीं सौजन्याची, हें आम्हीं विचारलें नाहीं.

मग करावयाचें काय? येथें त्या जिन्याच्या वरच्या पायऱ्यांकडे पाहणें बोधप्रद होईल. पाणचिरा हा करवानकाचा वाळूवरचा शेजारी. त्याचीहि घरटीं नदीच्या बेटांवरच असतात. तो ‘असुरक्षित’ होता. २०२० मध्यें ‘संकटग्रस्त’ झाला. आतां चंबळेच्या कांठीं मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी गांवकऱ्यांतूनच घरट्यांचे राखणदार नेमते. कुत्रीं आणि गुरें दूर ठेवण्यासाठीं हीं माणसें उन्हांतान्हांत बेटांवर पहारा करतात. त्याहून वरची पायरी गिधाडाची. पांढऱ्या पाठीचें गिधाड आमच्या तरुणपणीं गांवकुसाबाहेर कोठेंहि दिसे. त्याची चिंता करावी हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. गुरांना टोंचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधानें त्याचा घात केला. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांत हजार गिधाडांमागें जेमतेम एक उरलें. २००० सालीं तें ‘अतिसंकटग्रस्त’ ठरलें. गुरांसाठीं त्या औषधाची बंदी २००६ मध्यें झाली. आतां हरियाणांतील पिंजोरसारख्या ठिकाणीं मोठमोठे पिंजरे बांधून, एक एक अंडें जपून, त्याचा वंश टिकविण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या प्रयत्नांस आम्ही मनापासून वंदन करतों; पण खर्चाचा हिशेब मांडावयास विसरत नाहीं. वरच्या पायरीवर एका अंड्यासाठीं प्रयोगशाळा लागते, मधल्या पायरीवर एका घरट्यासाठीं पहारेकरी लागतो.

आणि ‘संकटसमीप’ या पायरीवर? येथें बहुधा नुसतें थांबणें पुरतें. नदीच्या प्रत्येक तालुक्यांतलीं दोन-चार वाळूचीं बेटें फेब्रुवारीपासून जूनपर्यंत लिलावांतून वगळावीं. उन्हाळ्यांतलें पाणी सोडावयाचेंच आहे, तर तें एकदम न सोडतां हळूहळू चढवावें, म्हणजे निदान धांवूं शकणाऱ्या पिलांना वर सरकण्यास अवधि मिळेल. सरकारी बांधकामांत कृत्रिम वाळू वापरण्याचें जें ठरलें आहे, तें कागदावर न ठेवतां मिस्त्रीच्या घमेल्यापर्यंत पोहोंचवावें. आणि आमच्यासारख्या घर बांधणाऱ्या, घर विकत घेणाऱ्या मंडळींनीं फरशीचा रंग आणि खिडकीची दिशा विचारतों तसें, ही वाळू कोठून आली आणि तिची पावती कोठें आहे, हें कंत्राटदाराला एकदां तरी विचारावें. प्रश्न विचारला जातो एवढें कळलें, तरी पुष्कळ व्यवहार सरळ होतात, हा आमचा परीक्षामंडळांतला अनुभव आहे.

मोजणीहि पाहिजे. त्यासाठीं विलायती उपकरणें लागत नाहींत. नदीकांठचीं कॉलेजें पुष्कळ आहेत. चैत्र-वैशाखांतल्या ठराविक चार रात्रीं ठराविक चार ठिकाणीं मुलांनीं शिक्षकांबरोबर कांठावर गप्प बसावें, शीळ किती ठिकाणांहून आली तें वहींत टिपावें, आणि हें दरसाल करावें. वाळूंत उतरूं नये, दिवे मारूं नयेत, घरट्याचें छायाचित्र काढण्याचा मोह आवरावा. पांच वर्षांच्या अशा वह्या जमल्या म्हणजे त्या छत्तिसाच्या आंकड्यांत किती खरें होतें, तें तरी कळेल. आमच्या विद्यार्थ्यानें असल्या नोंदी पदरमोड करून वर्षानुवर्षें ठेविल्या आहेत. एका इयत्तेच्या हजेरीपटामागें त्या कोऱ्या पानांवर लिहिलेल्या आहेत. तारीख, चंद्राची तिथि, आणि ऐकलेल्या जोड्यांची संख्या. त्या पानांचा अर्थ लावण्याचा अधिकार शास्त्रज्ञांचा आहे. पण पानें लिहिण्याचा अधिकार कोणाचाहि आहे.

‘समीप’ या शब्दाला भिण्याची आपणांस संवय नाहीं. उलट त्यांत थोडी सवलत आहे असें आपण धरून चालतों. आम्हांस मात्र हा शब्द फार मोलाचा वाटतो. संकट समीप आहे, म्हणजे अजून तें आलेलें नाहीं. म्हणजे अजून कांहीं करणें स्वस्त आहे, आणि तें करण्यास कोणीहि थोर असण्याची गरज नाहीं. माणसाच्या संसारांत अशी वेळ फार थोडा काळ टिकते, आणि ती आली होती हें बहुधा मागाहून कळतें. करवानकाच्या बाबतींत ती आजच कळली आहे. पुढचा विणीचा हंगाम फेब्रुवारींत सुरू होईल.